कारण गेलं, सवय उरली

जळगावच्या एका ताईंनी विचारलंय. थोडक्यात असं, की त्यांची दादी ९ वर्षांची असताना, फाळणीनंतर १९४८ मधे, कराचीहून बोटीने मुंबईला आली, कल्याणच्या कॅम्पात राहिली, मग नातेवाईकांच्या मागे मागे जळगावला. ताईंचा स्वतःचा जन्म जळगावचा, सगळं आयुष्य सिंधी कॉलनीत गेलं, दंगल कशी असते ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. तरी घरातलं कुणी अर्धा तास उशिरा आलं की पोटात गोळा येतो, कागदपत्रांची पिशवी कपाटात कायम तयार, आणि सहा महिन्यांचा गहू घरात असल्याशिवाय झोप नाही. आता त्यांची ६ वर्षांची मुलगी शाळेची रिक्षा जरा लेट झाली की थरथरायला लागते. ताई विचारतात, हे आमच्या रक्तातच उतरलंय का, आणि हिच्या मुलीलाही जाणार का?

ताई, मी २६ वर्षं धुळे, नंदुरबार, जळगाव या पट्ट्यात समुपदेशनाचं काम करते, आधी सरकारी दवाखान्यात आणि आता स्वतःचं. हा प्रश्न मला इतक्या वेगवेगळ्या घरांतून आलाय की उत्तर लांबणारच. पण तुम्ही ज्या एका वाक्यासाठी थांबलाय ते आधी सांगते. नाही, तुमच्या मुलीच्या नशिबात हे लिहिलेलं नाही. जे आलंय ते खरंय, तुम्ही उगाच काही मनात धरून बसलेला नाहीत, पण ते रक्तातून कमी आणि स्वयंपाकघरातून जास्त आलंय. आणि जे स्वयंपाकघरातून आलं त्याला आपण हात घालू शकतो.

जीन्सचं, म्हणजे जनुकांचं, आधी उरकून घेऊ कारण मोबाईलवर त्याच्याच रील्स फिरतात. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमधे जर्मनांनी अन्न अडवलं, माणसं ट्युलिपचे कंद खाऊन जगली, त्या काळात ज्यांचा गर्भ राहिला ती बाळं साठ वर्षांची झाल्यावर त्यांचं रक्त तपासलं तर वाढीशी संबंधित एका जीनवरच्या रासायनिक खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या निघाल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर विहिरीतली मोटार तीच, पण स्टार्टरचं सेटिंग बदललं. मग न्यूयॉर्कच्या डॉ. रेचेल यहुदा यांनी नाझी छळातून वाचलेले ज्यू आणि त्यांची मुलं तपासली, त्यांना ताणाच्या हार्मोनशी संबंधित जीनवर तसेच काही फरक दिसले. त्याच्या बातम्या जगभर झाल्या, पण वाचलेली माणसं होती ३२ आणि मुलं २२. एवढ्याशा आकड्यावर अख्ख्या समाजाचं भविष्य कुणी सांगत असेल तर त्याला हात जोडा. शिवाय मुलाच्या शरीरातला तो फरक आईबापाकडून जन्मतः आला की त्या घरात वाढल्यामुळे आला, हे अशा तपासणीतून वेगळं काढता येत नाही.

उलट बाजूचीही माहिती आहे आणि ती कुणी सांगत नाही. हिरोशिमा-नागासाकीत वाचलेल्यांची सत्तर हजारांवर बाळं जन्मल्यावर तपासली गेली, त्यांच्यात जन्मजात दोष वाढल्याचं आढळलं नाही. पण लोकांनी त्या मुलांशी लग्नं टाळली, सोयरीक मोडली, म्हणून कितीतरी घरांनी आपण कुठले ते लपवलं. म्हणजे पुढच्या पिढीला त्रास झाला तो अणुबॉम्बने जीन बिघडवले म्हणून नाही, लोकांच्या नजरेने झाला. आणि नाझी छळातून वाचलेल्यांच्या मुलांवरचे ३२ वेगवेगळे गट, चार हजारांच्या वर माणसं, एकत्र धरून २००३ मधे हिशोब मांडला तेव्हा दवाखान्यात न आलेली सर्वसाधारण मुलं इतरांपेक्षा जास्त आजारी निघाली नाहीत. हे मी प्रत्येक घाबरलेल्या आईला सांगते. बहुतेक मुलं नीट वाढतात.

मग तुमच्या पोटातला गोळा कुठून आला? १९६६ मधे कॅनडात विवियन रॅकॉफ नावाच्या मनोविकारतज्ज्ञांनी पहिल्यांदा लिहिलं की नाझींच्या छळछावणीतून वाचलेली आईबाप मंडळी दवाखान्यात येत नाहीत, त्यांची मुलं येतात, ज्यांनी छावणी पाहिलीच नाही. मला हे वाचायच्या आधीच एका घराने शिकवलं होतं, ते सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

पारोळ्याकडचं गाव. पस्तिशीतला माणूस, कापसाची शेती, आला होता झोपेच्या तक्रारीसाठी. बोलता बोलता म्हणाला, दिवाळीत आम्ही घरी नसतो, शेतात असतो. मी विचारलं का, तर म्हणे आमच्यात तशीच पद्धत आहे. लक्ष्मीपूजन झालं की दिवे लावून तो, बायको, पोरं, सगळे डबा घेऊन शेतातल्या खोलीवर, फटाके संपले की मध्यरात्रीनंतर गावात. त्याला वाटायचं हे कुळाचार असावं. गावात तर कुणाचीच अशी पद्धत नाही, बायकोच्या माहेरीही नाही, दरवर्षी पोरं रडायची की आम्हाला फटाके पाहिजेत. मग मी विचारलं की ही पद्धत सुरू कुणी केली. तो थांबला, म्हणाला आप्पाच जायचे, मी लहानपणी त्यांच्यासोबत. त्याचे आप्पा फौजी, शांतीसेनेसोबत श्रीलंकेला गेलेले. १९८७ चा ऑक्टोबर, जाफन्याची लढाई ऐन दिवाळीत चालू होती. आप्पांनी घरी त्यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर एकच वाक्य, "जाऊ दे ना भाऊ, काय काढस ते."

बघा, बापाला कारण माहीत होतं, सवय त्याची. मुलाला फक्त सवय मिळाली, कारण नाही मिळालं, म्हणून त्याने ती कुळाचार समजून पुढे चालवली, आणि नातवंडांना मिळाली ती नुसती भीती की दिवाळीच्या आवाजात काहीतरी वाईट आहे. तुमच्या घरातला गहू तसाच आहे ताई. दादीला माहीत होतं की एका रात्रीत घर सोडावं लागतं आणि बोटीवर पोराबाळांच्या तोंडी घालायला काही नसतं, म्हणून ती साठवायची. तुमच्या आईला फक्त एवढं कळलं की डबा रिकामा झाला की सासूचा चेहरा पडतो. तुम्हाला तेवढंही नाही, तुम्हाला फक्त पोटातला गोळा.

लहान पोरं शब्द ऐकत नाहीत, अंग ऐकतात. आई मोबाईल हातात घेऊन गॅलरीत तीनदा गेली, भाजी करपली, आवाज बारीक झाला, मग रिक्षा आली आणि आईने पोरीला नेहमीपेक्षा घट्ट धरलं. पोरीने काय शिकावं? रिक्षा उशिरा येणं म्हणजे मरणाची गोष्ट. हे तिला कुणी सांगितलं नाही, रोज दाखवलं. यात तुमची चूक काढत नाहीये, तुमच्या आईनेही तुम्हाला असंच धरलं असणार.

आणि सिंधचं एक वेगळं आहे, ते तुमच्या घरात कुणी बोललं असेल नसेल. पंजाब आणि बंगाल वाटले गेले, अर्धा इकडे अर्धा तिकडे. सिंध अख्खा तिकडे गेला. म्हणजे इकडे आपलं म्हणायला एक तालुकासुद्धा नाही. सुरुवातीला तिथे पंजाबइतकी कापाकापी झाली नाही, लोकांना वाटत होतं चार महिन्यांत शांत होईल, काहींनी शेजाऱ्याकडे किल्ल्या देऊन ठेवल्या. मग ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल पेटली आणि बोटी भरायला लागल्या. अशा सुटण्यात रक्त कमी सांडलेलं असतं म्हणून घरचे म्हणतात आपल्याला काय झालं, पंजाब्यांना झालं, आणि दुःख करायचीसुद्धा परवानगी स्वतःला देत नाहीत. निर्वासित म्हटलेलं त्या पिढीला आवडायचं नाही, शरणार्थी नाही पुरुषार्थी म्हणा असं म्हणायचे, आणि खरंच डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेऊन फिरून त्यांनी बाजार उभे केले. त्या कष्टाला माझा मनापासून नमस्कार आहे. पण जो दिवसाचे सोळा तास काम करतो त्याला रडायला वेळ नसतो, आणि ते न रडलेलं कुठेतरी साठतं.

आता एक गोष्ट मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण ट्रॉमा ट्रॉमा म्हणताना ती सुटते. तुमच्या घरावर आलेलं संकट संपलं. त्रास फार झाला पण संपलं, मागे सुटलेल्या घरादाराच्या भरपाईचे, म्हणजे क्लेमचे, कागद झाले, दुकान झालं, जळगाव तुमचं झालं. आमच्या भागात अशी घरं आहेत ज्यांचं संपलेलंच नाही. इंग्रजांनी १८७१ मधे कायदा केला, काही जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, पोलिसात हजेरी, गाव सोडायला परवाना, काहींना तारेच्या कुंपणात वसाहती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन करतात. कागदावरून गेला. माझ्याकडे एका पारधी वस्तीवरचा ११ वर्षांचा मुलगा शाळेच्या बाईंनी आणला होता, वर्गात डुलक्या घेतो म्हणून. रात्री काय करतो विचारलं तर म्हणाला चपला घालून झोपतो. का? पळायला बरं पडतं. त्याचा बाप तसाच झोपायचा, आजाही. परिसरात कुठे चोरी झाली की पहाटे गाडी वस्तीवर येते, हे त्याने स्वतः दोनदा पाहिलं होतं. वर्गात कुणाचा कंपास हरवला की सगळ्या माना याच्याकडे वळतात.

आता याला मी काय सांगू, की बाळा ही तुझ्या आज्याची भीती आहे, आजचं काही नाही? खोटं ठरेल ते. तुमच्या मुलीला मी सांगू शकते की आता इथे धोका नाही, त्याला नाही सांगू शकत. त्याच्यासाठी समुपदेशनाच्या खोलीत बसून भागत नाही, जातीचा दाखला, शाळेत बाईंशी बोलणं, वकील, वस्तीवर येणाऱ्या साहेबांना भेटणं, हेच औषध आहे. मी नवीन मुलामुलींना शिकवताना हे पहिल्या दिवशी सांगते की आधी बघा जखम जुनी आहे की रोज नवी होतेय. रोज मारणाऱ्याचा हात धरायचा सोडून मार खाणाऱ्याला श्वासाचे व्यायाम शिकवणं हा अन्याय आहे, आणि आमच्या क्षेत्रात तो सर्रास होतो.

दुसरं एक टोकही खानदेशातच आहे. तळोद्याकडे रावलापाणीला २ मार्च १९४३ ला इंग्रजांच्या पोलिसांनी आदिवासींवर गोळीबार केला. संत गुलाम महाराजांनी सुरू केलेल्या आप धर्माची माणसं होती, दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना आप म्हणा, एवढं सांगणारी, महाराज गेल्यावर रामदास महाराजांच्या मागे चाललेली. माणसं मेली. पण तिथली गोष्ट झाकली गेली नाही. दरवर्षी लोक तिथे जमतात, खडकावरच्या गोळ्यांच्या खुणा पोरांना दाखवतात, आप की जय म्हणतात. मी तिकडच्या घरांत काम केलंय. गरिबी आहे, कुपोषण आहे, गुजरातेत ऊसतोडीला जाणं आहे, पण त्या दिवसाबद्दल विचारलं तर माणूस मान खाली घालत नाही, ताठ होतो. मारलं का, तर आपण चांगलं वागायला लागलो म्हणून मारलं, हे सातवीतलं पोरही सांगतं. ज्या दुःखाला नाव, जागा, तारीख आणि सोबत मिळते ते दुःख राहतं, पण रात्रीचं अंगावर येत नाही. तुमच्या दादीच्या बोटीला तारीख आहे का घरात? कुठल्या धक्क्याला लागली, सोबत कोण होतं, कोण राहून गेलं? माझा अंदाज आहे, नसेल.

म्हणून करायचं काय तर दादी आहे तोवर विचारा. पण "दंगलीत काय झालं" असं थेट नका विचारू, ८५-८६ वर्षांच्या माणसाला त्या खोलीत एकदम ढकलायचं नसतं. घरापासून सुरुवात करा. कराचीच्या घराला जिना होता का, पाणी कुठून यायचं, शाळेत कोण बाई होत्या, सणाला काय करायचे. स्वयंपाक करताना विचारा, समोर बसून मुलाखत घेतल्यासारखं नको, हाताला काम असलं की तोंड मोकळं होतं हे मी शेकडो वेळा पाहिलंय. ती थांबली की तुम्हीही थांबा. एखादी गोष्ट ती कधीच सांगणार नाही, विशेषतः बायकांच्या बाबतीत तेव्हा जे झालं त्यातलं, आणि तो तिचा हक्क आहे, कोरून काढायचं नाही. नंतर रात्री तिला झोप लागली का ते मात्र बघा. रात्रभर जागी राहिली तर आठवडाभर विषय नको.

कागदपत्रांची पिशवी एकदा मुलीसमोर उघडा. क्लेमचे जुने कागद असतील तर दाखवा, दादीच्या नावावर बोट ठेवून. पोरीला सांगायची गोष्ट साधी, तीन वाक्यांची. दादी तुझ्याएवढी होती, थोडी मोठी. तिला घर सोडावं लागलं, तेव्हा खूप भीती वाटली. मग ती जळगावला आली, शाळेत गेली, लग्न झालं, आणि बघ ती तिथे बसून शेंगा सोलतेय. शेवट सांगायला विसरू नका, मुलांना गोष्टीचा शेवट लागतो, आपण अर्धवट सांगून सोडतो आणि उरलेलं ते रात्री स्वतः रचतात. अमेरिकेत एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांना घराण्याबद्दल २० प्रश्न विचारले होते, आईबाप कुठे भेटले, आजी कुठे वाढली, घरात कुठलं संकट आलं होतं, असले. ज्या मुलांना जास्त माहीत होतं ती ताणात जास्त तग धरताना दिसली. त्यात सुखाच्याच गोष्टी पाहिजेत असं नाही, पडलो आणि उठलो हे दोन्ही पाहिजे.

रिक्षाचं तर उद्यापासूनच. उशीर झाला की गॅलरीत जाण्याआधी पाय जमिनीवर टेकवून मोठ्याने म्हणा, ही दादीची भीती आहे, आज रस्त्यावर फक्त ट्रॅफिक आहे. मोठ्यानेच, मनात नको. वेडेपणा वाटेल, पण दहा-पंधरा दिवसांत फरक जाणवायला लागतो. आणि मुलगी आली की घट्ट धरायच्या आधी नेहमीसारखं विचारा, डबा संपवला का? आधी डबा, मग मिठी. गहू सहा महिन्यांचा असेल तर चार महिन्यांचा करून बघा, एकदम बंद नको. जिथे सवयीचं कारण कळलंय आणि ती सोयीची आहे तिथे ती ठेवायलाही हरकत नाही, अहो खानदेशात उन्हाळ्यात धान्य भरणं सगळेच करतात.

हे सगळं करूनही तुमची झोप महिना-महिना मोडत असेल, छातीत धडधड होऊन घाम सुटत असेल, मुलगी शाळेत जायलाच नाही म्हणत असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, त्यात कमीपणा नाही, गोळ्यांनी आणि थेरपीने चांगला गुण येतो. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतून बोलता येतं.

पारोळ्याच्या त्या घराचं राहिलं. मुलाला मी एवढंच सांगितलं होतं की आप्पांना दिवाळीबद्दल नका विचारू, त्यांच्या कंपनीतल्या माणसांबद्दल विचारा, कुठली होती, काय खायची. चार-पाच महिने काही नाही. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोऱ्या झाल्या, आप्पा चुलीजवळ आगारी टाकायला बसले. एकेक घास विस्तवावर, एकेक नाव, त्यांचा बाप, आजा, चुलते. सगळी नावं संपली, सुनेने ताट उचलायला हात पुढे केला तर आप्पांनी तिला थांबवलं, आणखी एक घास टाकला आणि एक नाव घेतलं, पंजाबी नाव, जे त्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. नातू ८ वर्षांचा, त्याने सरळ विचारलं, "आबा, हाऊ कोन शे?"

आप्पा म्हणाले, "मना जोडीदार व्हता."

आणि मग दुपारी लिंबाखाली बाजेवर बसून त्यांनी सांगितलं, सगळं नाही, थोडंसं. पुढच्या दिवाळीला आप्पा शेतात गेलेच. पण एकटे गेले. मुलगा-सून घरी थांबले, नातवाने फटाके उडवले, फुलबाज्या आणि भुईचक्रं, आवाजाचे नकोत असं त्यानेच ठरवलं होतं, आणि नऊ वाजता फराळाचा डबा घेऊन बापाच्या फटफटीवर मागे बसून तो शेतात आजाला द्यायला गेला.